टेलच्या पाळीचा उशिरा येणारा फोन

संपादकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि ग्रामविकास’ या विषयावर लेख मागितला होता. तो विषय मी परत केला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी पाटाच्या चिखलात पाय घातलेला नाही. मी सर्व्हर सांभाळते. त्याआधी, आणि अजूनही, पत्रकं लिहिते. पत्रक लिहिताना एक गोष्ट शिकले: अन्याय कोणावर झाला ते सुरुवातीलाच सांगायचं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. तर सांगते. अन्याय नामदेव आत्राम या पाटकऱ्यावर, म्हणजे पाटाचं पाणी शेताशेतात सोडणाऱ्या माणसावर झाला. जगाच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी संगणकाच्या प्रणालीत चार ओळींची दुरुस्ती केली आणि वर्धा जिल्ह्यात एक माणूस पाणीचोर ठरला.

आधी माझं काम सांगते. मी राहते सिंदी मेघेत, आमच्या गटाचं कार्यालय पिपरी मेघेत. संस्था, शाळा, बचतगट, दुकानदार यांची यंत्रं आम्ही चालती ठेवतो. लोक तऱ्हेतऱ्हेचे भेटतात. एका शाळेनं दसऱ्याला संगणकाची इतकी मनापासून पूजा केली की पंख्यात झेंडूच्या पाकळ्या अडकून यंत्र तापलं आणि बंद पडलं. मुख्याध्यापक मला म्हणाले, “मॅडम, गेल्या वर्षी पूजा केली नव्हती, तरी बंद पडला होता.” एका व्यापाऱ्यानं विचारलं की हिशेब मागच्या तारखेनं लिहिता यावेत म्हणून संगणकाची तारीख मार्च महिन्यात नेऊन तिथेच थांबवता येईल का. मी म्हटलं, येईल, पण मी थांबवणार नाही. ते आता दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आमच्याकडे मोठं यंत्र एकच आहे. नागपुरात कोणीतरी भंगारात काढलेलं आम्ही उचलून आणलं. त्याच्या पोटात चार आभासी यंत्रं चालतात. आभासी यंत्र म्हणजे काय, हे मला प्रत्येक सभेत विचारतात. एक घर आहे असं समजा आणि त्यात चार भाडेकरू. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच आहे. हा गैरसमज टिकवून धरणारा जो घरमालक, त्याला आमच्या धंद्यात कर्नल म्हणतात; फौजेतला नव्हे, यंत्राच्या गाभ्यातला. कोणाला किती जागा, कोणाचं काम आधी, कोणाला किती वाजता उठवायचं, सगळं तोच बघतो. आमचा कर्नल कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात, सगळ्यांसमोर लिहितात, आणि त्यात सतत दुरुस्त्या करतात. त्या दुरुस्त्या आम्ही घेत राहतो. घेतल्या नाहीत तर जुन्या फटींतून चोर आत शिरतात.

आमच्या चार भाडेकरूंपैकी एक होता पाणी वापर संस्थेचा. धरणाचा कालवा, कालव्याला फुटलेला छोटा पाट म्हणजे मायनर, आणि मायनरवरच्या शेतकऱ्यांची ही संस्था. मायनरच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडचे, शेवटी ज्यांची ते टेलचे. हेडच्यांना पाणी मिळतं आणि टेलच्यांना आश्वासन. पूर्वी कोणीही वजनदार माणूस गाडीवरून यायचा, पाटकऱ्याला दम द्यायचा आणि गेट आपल्याकडे वळवून घ्यायचा. ते थांबवायला आम्ही मोहीम केली. पत्रक माझं होतं: ‘पाणी मर्जीवर नको, घड्याळावर द्या.’ सभेनं ते मानलं. पाळी बदलायची वेळ झाली की आमचं यंत्र पाटकऱ्याला फोन करायचं: अमक्याची पाळी संपली, तमक्याची सुरू. फोन आल्याशिवाय पाटकऱ्यानं गेटला हात लावायचा नाही. कोणी दम दिला तर म्हणायचं, फोन आला नाही. चांगला नियम होता. मी आजही त्याच्या बाजूनं उभी आहे.

पाटकरी नामदेवकाका. गोंड घरातले, घरात गोंडी बोलतात आणि बाहेर भांडायची वेळ आली की वऱ्हाडीत भांडतात. नियम आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला होता, कारण दम त्यांनाच मिळायचा.

मायनरच्या अगदी शेवटी शकुंतलाबाईंचं शेत. त्यांची पाळी रविवारी संध्याकाळी सुरू व्हायची आणि सोमवारी सकाळी कार्यालय उघडल्यावर संपायची. त्यांच्या आधीची पाळी नामदेवकाकांच्या सख्ख्या मेहुण्याची. आणि त्या हिवाळ्यात असं व्हायला लागलं की मेहुण्याच्या गव्हात पाणी जास्त वेळ थांबायचं आणि शकुंतलाबाईंचा हरभरा अर्धा कोरडा राहायचा. पाळी संपायची मात्र वेळेवर. बाई फावडं घेऊन बांधावर उभ्या, नामदेवकाका गेटपाशी बसलेले.

“फिरव ना गेट. वेळ झाली.”

“फोन नाई आला.”

“तुह्या साळ्याचं वावर भरेपर्यंत येतच नाई तो फोन.”

“मी काय फोनवाला आहो का वं? नियम तुमीच केला.”

प्रत्येक पाळीला हेच. शेवटी बाईंनी संस्थेच्या अध्यक्षांकडे, मोरेश्वरभाऊंकडे तक्रार केली. मोरेश्वरभाऊ हेडचे बागायतदार. माणूस वाईट नाही, पण सगळ्या गोष्टी चहा संपायच्या आत मिटाव्यात असं त्यांना वाटतं. ते समितीला घेऊन आमच्या कार्यालयात आले, म्हणाले, नामदेव म्हणतो फोन उशिरा येतो, दाखवा आम्हाला. मी यंत्रात शिरले, त्यांच्यादेखत फोन लावून दाखवले. प्रत्येक फोन ठरल्या क्षणी गेला. जुनी नोंद उघडली, तीही सांगत होती की रविवारचे सगळे फोन वेळेवर गेले आहेत. नामदेवकाकांच्या फोनवरची वेळ पाहावी तर फोन बटनांचा, बॅटरी हलली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. त्यातून काही सिद्ध होईना.

“पाहा बाप्पा,” मोरेश्वरभाऊ म्हणाले, “मशीन तं टकाटक आहे.”

मी म्हटलं, “आत्ता आहे. रविवारी संध्याकाळी होतं, हे यावरून ठरत नाही.”

“मॅडम, मशीन काय रविवार पाळते का?”

सगळे हसले. मी हसले नाही आणि माझं म्हणणं लिहून घ्या असं सांगितलं. लिहून घेतलं नाही. पुढच्याच सभेत समाजमंदिरात मोरेश्वरभाऊंनी माइकवरून ठराव वाचला: नामदेव आत्राम यांनी पाळीत पक्षपात करून नातेवाइकास पाणी दिल्याचं दिसून आल्यानं त्यांना कामावरून दूर करण्यात येत आहे. त्या दिवशी नामदेवकाकांकडे लेकीच्या सासरची माणसं पाहुणी आली होती. सभा चाललीय म्हणून सहज येऊन मागे बसली होती. त्यांनी सगळं ऐकलं.

नामदेवकाकांच्या जागी मोरेश्वरभाऊंचा पुतण्या पवन आला. मी ठरवलं, रविवारी कार्यालयात बसायचं नाही, गेटवर जाऊन उभं राहायचं. गेले. पवन गेटवर बसून मोबाइल बघत होता, शकुंतलाबाई फावडं टेकून उभ्या होत्या. वेळ झाली. फोन नाही. आम्ही तिघं उभे. पाणी आपलं मेहुण्याच्या गव्हात चाललेलं. सूर्य बुडाला तरी फोन नाही.

बाई पवनकडे पाहत म्हणाल्या, “काऊन रे, तुहा बी साळा आहे का तिकडं?”

पवन म्हणाला, “माहं लगन नाई झालं, काकू.”

बराच वेळ गेला, मग फोन आला. पवननं तिथूनच मोरेश्वरभाऊंना कळवलं. पलीकडून आवाज आला, “नेटवर्क असन रे.”

हे वाक्य मी विसरणार नाही. फोन आत्रामाच्या खिशात उशिरा वाजला तर तो चोर, आणि पुतण्याच्या खिशात उशिरा वाजला तर नेटवर्क. बाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी गेट फिरवलं आणि त्या पाण्यामागून चालत गेल्या.

आता यंत्र. पहिली गोष्ट सापडली ती नोंदीची. आमच्या गटातल्या कोणी तरी लिहिलेला, फोन लावणारा प्रोग्राम फोन खरोखर किती वाजता गेला ते लिहीतच नव्हता. किती वाजता जायला हवा होता ते लिहायचा आणि पुढे ‘गेला’ म्हणायचा. काम झालं असं कागदावर दाखवायची आपली जुनी सवय यंत्राला कोणी लावली कोण जाणे. ती मी आधी मोडली. मग खरी वेळ दिसू लागली. कार्यालय उघडं असताना फोन वेळेवर. कार्यालय बंद झालं, रविवार आला, की उशीर. कधी पाव तास, कधी पाऊण तास. कारण दिवसा त्याच यंत्रावर संस्थेची कारकुनी चालायची, ते जागं असायचं. कोणी वापरत नसलं की झोपायचं. मी तपासायला आत शिरले की मला बघून जागं व्हायचं आणि शहाण्यासारखं वागायचं. म्हणजे हो मोरेश्वरभाऊ, मशीन रविवार पाळत होतं.

हे पूर्वी होत नव्हतं, आणि यंत्र तर तेच होतं. मग बदललं काय, तर कर्नल. मधल्या काळात आम्ही त्याची नवी आवृत्ती घेतली होती. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मध्ये हजारो दुरुस्त्या. त्यातली नेमकी कोणती, हे शोधायची आमची एक रीत आहे. बरोबर मधली दुरुस्ती घ्यायची आणि तिथपर्यंतचा कर्नल चालवून बघायचा. बिघाड दिसला तर दोषी जुन्या अर्ध्यात, नाही दिसला तर नव्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. असं करत करत एकच उरते. कष्टाचं काम आहे, पण फसवत नाही.

माझ्यापुढची अडचण वेगळी होती. हा बिघाड हात लावला की पळायचा. म्हणून दर वेळी नवा कर्नल चढवायचा, ठरावीक वेळेचा एक फोन लावून ठेवायचा आणि तोवर काहीही न करता बसून राहायचं. कार्यालयात तसलंच भंगारातलं दुसरं एक खोकं नुसतं पडून होतं, ते मी घरी आणलं. माझी आई दिवसभर येता-जाता बघायची.

“काय करून राह्यली?”

“काम.”

“हात तं हालून नाई राह्यला तुहा.”

“हात न हलवायचंच काम आहे, आई.”

“असं काम मले बी पाह्यजो कुठं तरी.”

सापडली. चार ओळी. लिहिणारा एका मोठ्या कंपनीतला कसबी माणूस, हेतू चांगला: भाडेकरू रिकामा बसला असेल तर घरमालकानंही उगाच जागू नये, गाढ झोपावं, वीज वाचेल. भाडेकरू झोपताना सांगतो, मला सहाला उठव. घरमालक बरं म्हणतो आणि स्वतःही झोपतो. नव्या यंत्रांत घरमालकाला उठवणारा एक चौकीदार असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. आमच्या जुन्या यंत्रात तो चौकीदार नाही. दुसरंच कोणी दार वाजवीपर्यंत सगळं घर झोपलेलं. भाडेकरू उठतो तेव्हा त्याचं घड्याळ बरोबर असतं. त्याला उठवलेलंच उशिरा असतं.

मला तोडगा दिसत होता. सेटिंगमध्ये एक ओळ लिहून घरमालकाची गाढ झोप बंद करायची. गटातले सहकारी म्हणाले, तेवढं कर आणि सोड. ते मी त्याच दिवशी केलं, शकुंतलाबाईंचा हरभरा माझ्या तत्त्वांसाठी थांबणार नव्हता. पण सोडलं नाही. आमच्यासारखी भंगारातून उचललेली यंत्रं जिथे जिथे गरिबाचं काम करत असतील, तिथे तिथे हे घर झोपत असणार आणि तिथेही कोणीतरी नामदेव शिव्या खात असणार. जुगाड करून गप्प बसणं म्हणजे आपलं वावर भिजलं की गेट सोडून घरी जाणं.

कर्नलवाल्यांना पत्र लिहिलं. पहिला मसुदा अर्थात पत्रक झाला होता: शोषण, टेलचा शेतकरी, श्रीमंतांच्या विजेची बचत. वाचून मलाच छान वाटलं. मग त्यांची रीत वाचली. तिथे रडायचं नाही, भाषण करायचं नाही. आधी काय चालत होतं, आता काय चालत नाही, कोणत्या दुरुस्तीनं मोडलं आणि आपण ते कसं पडताळलं, एवढंच साध्या अक्षरांत लिहायचं. लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं लिहावं लागतं आणि उत्तरंही सगळ्यांना दिसतात. एकानं लिहिलं, इतकी जुनी यंत्रं आता कोण वापरतं? मी उत्तर दिलं, “आम्ही.” त्यापुढे एक शब्द लिहिला नाही, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लहान पत्रक असावं.

मग त्या भागाची जबाबदारी असलेल्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं की काल चालत होतं ते आज आमच्या दुरुस्तीनं बंद पडलं असेल तर चूक आमची. यंत्र जुनं की नवं हा प्रश्नच नाही. आधी दुरुस्ती मागे घेऊ, चर्चा नंतर. चार ओळी लिहिणाऱ्या माणसानं स्वतः खाली लिहिलं, माझ्याकडून हे सुटलं, मागे घेण्यास संमती. कोणाचं नाक कापलं गेलं नाही.

मागे कसं घेतात ते इथल्या प्रत्येक संस्थेनं ऐकावं. चुकीची दुरुस्ती गुपचूप पुसत नाहीत. ती इतिहासात तशीच राहते. तिच्यापुढे दुसरी नोंद येते: अमकी दुरुस्ती मागे घेत आहोत, कारण हे, नुकसान हे, दाखवून देणारं माणूस हे. आणि चुकीची दुरुस्ती ज्या ज्या आवृत्तीत गेली असेल, त्या प्रत्येक आवृत्तीत माघारही पाठवावी लागते. एका ठिकाणी पाठवून भागत नाही.

मला ओळखत नसलेल्या माणसांनी हे केलं. आमच्या मायनरवर काय झालं ते बघा. मी सगळं मोरेश्वरभाऊंना समजावून सांगितलं. त्यांना पटलं, आणि मनापासून वाईटही वाटलं.

“नामदेवले सोमवारपासून येजो म्हना. झालं ते झालं.”

“आणि ठराव?”

“आता ठराव कायले उकरता, मॅडम? लोक विसरले.”

नामदेवकाकांकडे निरोप मीच नेला. ते अंगणात खाटेवर बसून जाळं विणत होते. काम परत मिळतंय म्हटल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

“लोक विसरले म्हनते का तो? पोरगी संक्रांतीले माहेरी नाई आली. तिची सासू म्हनते, पानीचोराच्या घरी कायले जातं. मले काम नको. जसा वाचला तसा परत वाचा म्हना.”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढच्या सभेसाठी कर्नलची ती माघारीची नोंद मी मराठीत उतरवली आणि त्याच साच्यात संस्थेच्या ठरावाचा मसुदा लिहिला. समितीतल्या दोघांनी नाकं मुरडली. एकजण म्हणाले, यानं संस्थेची बदनामी होते. मी विचारलं, माणसाची झाली तेव्हा कुठे होता? सभा तापली. मसुदा मांडणार कोण, असं मोरेश्वरभाऊंनी विचारलं. मी सभासद नाही, मला मांडता येत नव्हतं.

शकुंतलाबाई उठल्या. “त्याले चोर मीच म्हटलं होतं. मीच मांडतो.”

मोरेश्वरभाऊ जागेवर बसूनच खालच्या आवाजात वाचायला लागले. मागच्या भिंतीशी नामदेवकाका उभे होते.

“भाऊ, तवा माइकवर वाचलं होतं.”

माइक आणावा लागला. तो आधी चालेना, कोणी तरी वायर हलवली, मग चालला. मोरेश्वरभाऊंनी उभं राहून वाचलं: नामदेव आत्राम यांच्याविरुद्धचा ठराव मागे घेण्यात येत आहे, फोन यंत्राच्या दोषामुळे उशिरा जात होते, आत्राम यांनी संस्थेचा नियम तंतोतंत पाळला, त्यांना दोष देणं ही संस्थेची चूक होती. शेवटचं वाक्यही त्यांनी गाळलं नाही. त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देते.

टाळ्या पडल्या. सभा संपली असं सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. मी मोरेश्वरभाऊंना म्हटलं, पहिला ठराव जिथे जिथे गेला, तिथे हाही गेला पाहिजे. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग नामदेवकाकांकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली काढली.

आर्वीच्या बाजूला लेकीचं सासर. गाडीत चौघं होतो: मोरेश्वरभाऊ, नामदेवकाका, शकुंतलाबाई आणि मी. पोचलो तर व्याही ओसरीवरच होते. पाणी आलं, चहा ठेवायला सांगितला गेला. मोरेश्वरभाऊंनी चहाची वाट पाहिली नाही. उभ्या उभ्या कागद वाचला.

व्याही अवघडले. हसत म्हणाले, “अहो, याच्यासाठी एवढ्या दूर आले काय? आमी थोडीच काई म्हटलं होतं.”

आतल्या दाराआडून लेकीचा आवाज आला. “म्हटलं होतं.”

मोरेश्वरभाऊंनी घडी घातलेला कागद पुन्हा उघडला, आणि या वेळी कोणी न सांगता, आतल्या दाराकडे तोंड करून, पहिल्या ओळीपासून परत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.